‘भाव काय?’पासून दुसऱ्या ऑर्डरीपर्यंत: खान्देशातल्या छोट्या ब्रँडनं सोशल मीडियावर गिऱ्हाईक कसं जोडावं

समजा, सावदा-फैजपूर पट्ट्यातल्या एका केळी वेफर्सवाल्याची रील आहे. कच्च्या केळीच्या चकत्या थेट कढईत पडतायत, चर्र आवाज येतोय, आठ हजार लोकांनी बघितलीय. खाली कमेंटी आहेत: ‘भाव काय?’, ‘नाशिकला पाठवता का?’, ‘पाव किलो मिळेल का?’ आणि प्रत्येकीखाली एकच उत्तर: ‘इनबॉक्स करा’. जळगावच्या दाणा बाजारात डाळीचा भाव विचारणाऱ्याला दुकानदारानं ‘मागच्या खोलीत या, मग सांगतो’ म्हटलं तर तो शेजारच्या दुकानाची पायरी चढेल. फोनवर तर पुढच्या दुकानात जायला अंगठा सरकवला की झालं.

मोठ्या कंपन्या सोशल मीडियावर मुख्यतः नाव लक्षात राहावं म्हणून पैसा घालतात. वाळवण, मसाला, वेफर्स, डाळ, साड्या किंवा दागिने विकणाऱ्या खान्देशातल्या छोट्या ब्रँडला ते परवडणारं नाही आणि त्याची गरजही नाही. त्याच्यासाठी हे माध्यम म्हणजे गल्ला: विचारलं की उत्तर, माल दाखवणं, ऑर्डर लिहिणं, तक्रार आली तर ऐकणं, आणि महिन्याभरानं तेच गिऱ्हाईक परत येणं. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबानं लावल्या आहेत.

पहिली पायरी: गिऱ्हाईक कुठं राहतं ते ठरवा

खान्देशी मालाचं गिऱ्हाईक साधारण तीन ठिकाणी असतं. एक, आसपासच्या २५-३० किलोमीटरमधलं, जे स्वतः येऊन माल नेतं. दुसरं, कामाधंद्यासाठी सुरत, पुणे, नाशिक, कल्याण-अंबरनाथकडे गेलेलं खान्देशी कुटुंब. तिसरं, ज्यानं बिबडी (ज्वारीचा खान्देशी पापड) कधी पाहिलीच नाही असं बाहेरचं माणूस.

तिघांना एकच पोस्ट चालत नाही. जवळच्याला ‘आज दुपारी चारनंतर ताजा माल, दुकान नवापर्यंत उघडं’ एवढं पुरतं. सुरतच्या उधन्यात राहणाऱ्या बाईला बिबडी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तिला हवं असतं की ती आईच्या हातच्यासारखी आहे का, न फुटता पोचेल का आणि कधी पोचेल. तिसऱ्याला मात्र आधी खायचं कसं तेच सांगावं लागतं, म्हणून त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा जातो. सुरुवातीच्या तीन महिन्यांत पहिल्या दोघांपैकी एकच गट धरा. वाळवण, मसाले आणि टिकाऊ माल असेल तर दुसरा गट धरणं जास्त फायद्याचं. आठवण आधीपासून त्यांच्याकडे आहे, तुम्हाला फक्त माल पोचवायचा आहे.

भाषेचंही इथंच ठरवा. धुळे, नंदुरबार, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव भागासाठी अहिराणीतली एक ओळ मोठं काम करते. ‘काय भाव शे?’ असं पडद्यावर दिसलं की बघणारा थांबतो. पण रावेर-यावल-भुसावळकडे लेवा गणबोली वेगळी आहे; तिथल्या माणसाला अहिराणी आपली म्हणून दाखवली तर त्याला ते खटकतं. बोलीतली ओळ लिहिली की त्या भागातल्या एखाद्या वयस्कर बाईला मोठ्यानं वाचून दाखवा. तिनं दुरुस्त केली तर तिची ओळ ठेवा. भाव, वजन, पत्ता, अटी मात्र साध्या मराठीतच लिहायच्या.

दुसरी पायरी: दुकान लावून घ्या

पोस्ट टाकण्याआधी एक पूर्ण दिवस यासाठी द्या.

धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. घरच्याच नंबरवर सुरू केलं तर लग्नाचे ग्रुप, नातेवाइकांचे निरोप आणि ऑर्डरी एकात एक मिसळतात, आणि हरवतात त्या ऑर्डरीच. प्रोफाइलमध्ये पत्ता, नकाशावरची जागा आणि दुकानाची वेळ भरा. मग कॅटलॉग. त्यात ५०० पर्यंत वस्तू बसतात, पण तुम्ही आठ-दहाच टाका. प्रत्येक वस्तूला एक उजेडातला फोटो, निव्वळ वजन, भाव, आणि एक अशी माहिती जी गिऱ्हाईक हमखास विचारतं. उडदाच्या पापडाला किलोत साधारण किती नग बसतात. मिरचीला तिखट किती आणि रंग किती. वेफर्सला तेल कोणतं. ‘भाव विचारा’ असं कॅटलॉगमध्ये कधी लिहू नका.

स्वागताचा मेसेज लावून ठेवा. तो पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला, आणि १४ दिवस बोलणं झालं नसेल तर परत मेसेज करणाऱ्याला आपोआप जातो. तो लहान असावा: ‘राम राम. भाव आणि वजन वरच्या कॅटलॉगमध्ये आहे. काय हवं, किती हवं आणि कोणत्या गावी पाठवायचं एवढं लिहा. सकाळी १० ते रात्री ९ या वेळेत उत्तर देतो.’ क्विक रिप्लायमध्ये चार-पाच तयार उत्तरं भरा: भाव, दुकानाचा पत्ता, कुरिअरचा खर्च, पैसे कसे पाठवायचे. स्लॅश टाकून लहानसा शब्द लिहिला की उत्तर समोर येतं. आणि लेबलं: ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे बाकी’, ‘पाठवलं’, ‘तक्रार’, ‘परत विचारायचं’. शेवटचं लेबल बहुतेक जण लावतच नाहीत, आणि पुढं सगळ्यात जास्त कामाला तेच येतं.

इन्स्टाग्रामला प्रोफेशनल खातं करा, नाहीतर आकडे दिसत नाहीत. तिथं नावाच्या रकान्यात फक्त ब्रँडचं नाव लिहून जागा वाया घालवू नका. शोधणारा माणूस तुमचं नाव नव्हे, माल आणि गाव टाईप करतो. म्हणून नावापुढे ‘केळी वेफर्स, सावदा’ असं लिहा, आणि मराठी माणूस इंग्रजी अक्षरांत टाईप करतो तेव्हाचं स्पेलिंगही कुठंतरी येऊ द्या. फेसबुक पेज त्याला जोडा. गुगलवर दुकानाची नोंद करा. ती फुकट असते, पण खरेपणा तपासायला बऱ्याचदा दुकानाचा व्हिडिओ मागतात. बोर्ड, रस्ता आणि आतला माल एका सलग व्हिडिओत दाखवा. सगळीकडे नाव, नंबर आणि पत्ता सारखा पाहिजे. एका ठिकाणी ‘रोड’ आणि दुसरीकडे ‘रस्ता’ चालेल, पण जुना नंबर कुठंतरी राहून गेला तर तिथून येणारं गिऱ्हाईक गेलंच समजा.

खाण्याचा माल असेल तर पाकिटावर निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत संपवायचं ते, किंमत आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक असलाच पाहिजे, आणि कॅटलॉगच्या एका फोटोत पाकिटाची मागची बाजू दिसू द्या. अनोळखी गावच्या गिऱ्हाइकाचा भरवसा त्या फोटोनं बसतो. जळगावची केळी, जळगावची भरिताची वांगी आणि नवापूरची तूरडाळ यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते चिन्ह पोस्टवर टाकायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. नोंद नसेल तर चिन्ह लावू नका, कुठल्या गावचा माल आहे ते साध्या शब्दांत लिहा. ‘ऑरगॅनिक’ला प्रमाणपत्र लागतं. ‘शुगर कमी होते’ असलं काही लिहूच नका.

तिसरी पायरी: काय दाखवायचं

खान्देशाकडे दाखवण्यासारखं इतकं आहे की तयार टेम्प्लेट उचलून ‘हॅपी मंडे’ टाकायची वेळ यायला नको. माल तयार होताना दाखवा, तोच सगळ्यात चांगला विषय.

भरिताची रील जवळून पाहू. हिरवी-पांढरी मोठी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजली जातात, साल काढून लाकडी बडगीत ठेचली जातात, मग मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. यात पहिली दोन सेकंदं कशाला द्यायची? बहुतेक जण दुकानाच्या बोर्डापासून सुरू करतात आणि लोक पुढे सरकतात. पहिला तुकडा बडगीतल्या ठोक्यांचा घ्या: फोन बडगीच्या तोंडाशी, अगदी जवळ, ठोक्याचा खरा आवाज आणि वर येणारी वाफ. मग मागे जा: धग, साल सोलणारे काळे झालेले हात, कढईतली पात. शेवटी कळण्याच्या पुरीवर घेतलेला घास. एकेक तुकडा दोन-तीन सेकंदांचा, सगळं मिळून २० ते ३० सेकंद. आवाजावर गाणं चढवू नका. बडगीचा ठोका हीच त्या रीलची ओळख आहे.

गाण्याबाबत आणखी एक अडचण आहे. बिझनेस खात्याला चित्रपटातली सगळी गाणी वापरता येत नाहीत. वैयक्तिक खात्यावरून गाणं लावून केलेला व्हिडिओ जाहिरात म्हणून चालवायला गेलं की आवाज बंद होतो किंवा जाहिरात नाकारली जाते. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या) साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या, नाहीतर मूळ आवाजच ठेवा.

फोन उभा धरा, चित्र ९:१६ मापाचं. लेन्स आधी रुमालानं पुसा. कढईजवळ शूट केलं की तिच्यावर तेलाची वाफ बसते आणि सगळं धुरकट दिसतं. वाळवण सकाळी सात ते नऊच्या दरम्यान शूट करा. एप्रिलमधल्या जळगावच्या दुपारी पांढऱ्या कापडावरची कुरडई फोनला नुसती पांढरी दिसते, तिची जाळी उमटत नाही. सकाळी ऊन तिरपं असतं, प्रत्येक तारेची सावली पडते. पडद्यावरची अक्षरं मधोमध लिहा. रीलच्या खालच्या भागावर नाव, कॅप्शन आणि बटणं येतात, तिथं लिहिलेला भाव कुणालाच दिसत नाही. जानेवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर चौकोनाऐवजी ३:४ मापाचे उभे चौकट दिसू लागले आहेत. कव्हरवरचं नाव तेवढ्यात बसतं का, तेही पाहून घ्या.

लोकांनी बोलावं असं वाटत असेल तर प्रश्न नेमका विचारा. ‘तुम्हाला आमचा माल कसा वाटला?’ याला कुणी उत्तर देत नाही. ‘गव्हाचा चीक तुमच्याकडे दुधाबरोबर खातात की तेल टाकून?’ याला देतात, कारण प्रत्येक घराचं उत्तर ठरलेलं असतं आणि शेजाऱ्याचं चुकीचं वाटतं. वरण-बट्टीतली बट्टी तळलेली की भाजलेली, भरितात शेंगदाणे हवेत की नकोत, शेवभाजीत शेव आधी टाकायची की वाढताना: असे वाद गोड असतात. त्यात ब्रँडनं बाजू घेतली तरी चालते, फक्त समोरच्याचं खाणं हलकं लेखू नये. जात, राजकारण आणि गावागावांतली ईर्षा यांवरचे प्रश्न कितीही कमेंटी मिळवून देत असले तरी हात लावू नका.

किती टाकायचं? आठवड्याला दोन रील, एक फोटोपोस्ट, आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर रोज दोन-तीन गोष्टी: आजचा माल, आजची पाठवणी, गिऱ्हाइकाचा फोटो त्याच्या परवानगीनं. एवढं वर्षभर टिकतं. पहिल्या आठवड्यात रोज तीन रील आणि पुढं महिनाभर शुकशुकाट, हा नेहमीचा घोळ आहे. पंधरा दिवसांतून एक सकाळ ठरवून चार रीलचं शूटिंग एकदम करा आणि मेटा बिझनेस सूटमध्ये वेळ लावून ठेवा. वेळ कोणती, ते इन्साइट्समध्ये तुमचे फॉलोअर कधी जागे असतात त्यावरून ठरवा. शेतकरी गिऱ्हाईक असेल तर रात्रीचं जेवण झाल्यावरची वेळ आधी करून पाहा.

चौथी पायरी: खान्देशाचं पंचांग

देशभरातले ब्रँड दिवाळी, व्हॅलेंटाइन आणि नववर्ष धरतात. खान्देशी घराची खरेदी वेगळ्या दिवसांभोवती फिरते. वाळवण मार्च-एप्रिलमध्ये होतं, पण ऑर्डरी फेब्रुवारीपासून घ्यायला लागतात, नाहीतर गच्चीवर किती कापडं अंथरायची ते कळत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी येतात; त्याआधीचे पंधरा दिवस साड्या, सांजोऱ्या, पुरणाचं सामान. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते आणि सुरत-मुंबईचं घर गावाकडे येतं. तेव्हा बाहेरगावी कुरिअर करण्यापेक्षा ‘गावी याल तेव्हा तयार ठेवतो, नाव नोंदवा’ ही पोस्ट जास्त चालते. थंडीत भरीत. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, घोड्यांचा बाजार. नंदुरबार-शहादा भागातल्या ब्रँडला तिथं स्टॉल लावून प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर त्याला विचारून घेता येतो.

प्रत्येक सणाला तीन पोस्ट पुरेत: तीन आठवडे आधी ऑर्डर सुरू, दहा दिवस आधी माल तयार होताना, आणि बाहेरगावच्या पाठवणीची शेवटची तारीख ठळक अक्षरांत. ही तिसरी टाकायची राहिली की सणाच्या आदल्या दिवशी ‘माझं पार्सल कुठं आहे?’ असे फोन येतात आणि मग सणही जातो, गिऱ्हाईकही.

पाचवी पायरी: उत्तर देणं

सगळी मेहनत वसूल होते ती इथं. एक माणूस ठरवा, जो दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी जेवणानंतर आणि रात्री, प्रत्येक कमेंट आणि मेसेज संपवेल. ‘घरात कुणीही बघेल’ असं ठरवलं तर कुणीच बघत नाही.

भाव कमेंटमध्येच लिहा. ‘भाव काय?’ला उत्तर: ‘अर्धा किलो १८० रुपये, एक किलो ३४०. नाशिकला कुरिअर धरून एक किलो ४३० पडेल. पाठवायचं का, दादा?’ (आकडे तुमचे घाला.) ते उत्तर एकट्या विचारणाऱ्यासाठी नसतं. न विचारणारे शंभर जण तेच वाचतात. शेजारच्याला आपला भाव कळेल या भीतीनं बरेच जण लपवतात. शेजाऱ्याला तो दुकानात माणूस पाठवूनही कळतो.

कुरिअरचा आकडा सांगण्याआधी एक हिशेब पक्का करा, कारण वेफर्स आणि कुरडई विकणारे इथंच तोट्यात जातात. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्यावर पैसे लावतात. आकारमानाचं वजन म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून, बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं. ४० × ३० × ३० चं खोकं म्हणजे ३६,००० भागिले ५,०००, बरोबर ७.२ किलो. आत वेफर्स तीन किलोच असले तरी बिल ७.२ किलोचं. कमेंटमध्ये तीन किलोचा दर सांगून बसलात तर फरक तुमच्या खिशातून. म्हणून आधी खोकी ठरवा, रिकामं खोकं मोजा, आणि ‘अर्धा किलो’, ‘एक किलो’, ‘दोन किलो’ असे घरपोच भाव कॅटलॉगमध्ये वेगळे टाका. उडदाचा पापड उलटा: लहान जागेत वजन जास्त, तो पाठवायला स्वस्त. वेफर्स मागवणाऱ्याला सोबत पापड सुचवायचा असेल तर आहे त्याच खोक्यात मावतो का ते आधी पाहा.

ऑर्डर पक्की करताना एकाच मेसेजमध्ये सगळं परत लिहून पाठवा: माल, वजन, एकूण रक्कम, नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, निघण्याचा दिवस. समोरून ‘हो’ आल्याशिवाय पॅकिंग नाही. यूपीआयनं पैसे आल्याचा स्क्रीनशॉट आला तरी स्वतःच्या बँकेत किंवा ॲपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय माल सोडू नका. बनावट स्क्रीनशॉट करणं फार सोपं आहे. हे गिऱ्हाइकाला नम्रपणे सांगता येतं: ‘ताई, बँकेत जमा दिसलं की लगेच पाठवतो.’

माल पोचल्यावर तिसऱ्या दिवशी एक मेसेज: ‘पार्सल नीट मिळालं का? काही फुटलं असेल तर फोटो पाठवा.’ या मेसेजमध्ये दुसरं काही विकू नका. त्यानंतर ‘परत विचारायचं’ हे लेबल लावा आणि मालाच्या हिशेबानं तारीख धरा. चार माणसांच्या घरात अर्धा किलो वेफर्स आठवड्याभरात संपतील. दोन किलो तिखट वर्षभर पुरेल. वेफर्सवाल्याला वीस दिवसांनी विचारा, तिखटवाल्याला पुढच्या हंगामात.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज अनेकांना पाठवायची यादी) २५६ जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो मेसेज पोचतो. ‘पाठवलं पण कुणी बोललं नाही’ याचं कारण बऱ्याचदा हेच. प्रत्येक पार्सलमध्ये चिठ्ठी टाका: नंबर ‘बिबडीवाले’ अशा सोप्या नावानं सेव्ह करा. महिन्यात दोनापेक्षा जास्त ब्रॉडकास्ट नकोत; लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करायला लागले की व्हॉट्सॲप नंबरच बंद करू शकतं. लग्नाच्या ग्रुपमधून किंवा विकत घेतलेल्या यादीतून नंबर उचलू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा संमती हाच आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी न विचारता आलेल्या मेसेजवर खान्देशात कुणी खूश होत नाही.

तक्रार आली तर

‘पाकीट खवट निघालं, फसवणूक आहे.’ ही कमेंट उघड्यावर येते. ती पुसू नका. पुसली की तो माणूस तीच गोष्ट गुगलवर एक तारा देऊन लिहितो, आणि तिथून ती पुसता येत नाही. तासाभरात त्याच कमेंटखाली लिहा:

‘ताई, खवट लागलं हे वाचून वाईट वाटलं. पाकिटाच्या मागची तारीख दिसेल असा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवता का? आज संध्याकाळपर्यंत फोन करतो. दुसरं पाकीट पाठवू की पैसे परत करू, ते तुम्ही सांगा.’

मग खरंच कारण शोधा. वेफर्स खवट होण्याची कारणं ठरलेली आहेत: तेल जास्त वेळा तापवलेलं, माल गरम असताना पाकीट सील केलेलं, पारदर्शक पाकीट दुकानात उन्हाच्या बाजूला टांगलेलं, किंवा सीलची पट्टी सुटलेली. तारखेवरून घाणा सापडला की त्या घाण्याची उरलेली पाकिटं बाजूला काढा. आणि शेवटी, हे फार थोडे करतात, त्याच कमेंटखाली निकाल लिहा: ‘१२ तारखेच्या घाण्यातली पाकिटं गरम असताना सील झाली होती. दुकानांतून ती परत मागवली. ताईंना नवं पाकीट काल पोचलं.’ तक्रार वाचणाऱ्यानं उत्तरही वाचलं, तर तो माल घ्यायला कचरत नाही.

चूक आपली नसेल तरी सूर हाच ठेवा. फक्त शिवीगाळ, जातीवरची भाषा आणि दुसऱ्याचे फोन नंबर टाकलेल्या कमेंटी काढून टाका.

गुगलवर खरेदीनंतर अभिप्राय मागा, पण त्याच्या बदल्यात सूट देऊ नका. तो गुगलच्या नियमांचा भंग आहे.

सहावी पायरी: पैसे देऊन जाहिरात

वरच्या पाच पायऱ्या दोन महिने चालल्याशिवाय जाहिरातीला हात लावू नका. उत्तर देणारं माणूस तयार नसेल तर जाहिरात फक्त न वाचलेले मेसेज वाढवते.

‘बूस्ट’चं निळं बटण सोपं आहे, पण मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन ‘एंगेजमेंट’ हे उद्दिष्ट निवडा आणि त्यात व्हॉट्सॲपवर मेसेज मिळवायचा पर्याय धरा. नुसत्या लाइकवर पैसे घातले तर लाइक करणारेच मिळतात. जी रील फुकटात जास्त सेव्ह आणि शेअर झाली तीच जाहिरातीला घ्या. दुकानासाठी नकाशावर पिन टाकून २५ किलोमीटरचं वर्तुळ आखा. बाहेरगावासाठी सुरत किंवा पुणे शहर घ्या. इथं एक जागा चुकायची: भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडू नका. मेटा तिथं माणसाची बोली बघत नाही, त्यानं ॲप कोणत्या भाषेत ठेवलं आहे ते बघतं, आणि आपल्यातले कित्येक जण फोन इंग्रजीत किंवा हिंदीत ठेवतात. रकाना मोकळा सोडा. रीलमधली अहिराणी ओळच तुमचं गिऱ्हाईक वेचून काढते.

हिशेब असा करा. रोज २०० रुपये, सात दिवस, म्हणजे १,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. एकूण १,६५२ (जीएसटी क्रमांक असेल तर खात्यात भरा, क्रेडिट मिळतं). समजा ५५ मेसेज आले आणि १४ ऑर्डरी झाल्या. एक मेसेज ३० रुपयांना पडला, एक ऑर्डर ११८ ला. माल आणि कुरिअर वजा जाता एका ऑर्डरीत १५० सुटत असतील तर ३२ हातात राहतात. ९० च सुटत असतील तर चौदा ऑर्डरींवर ३९२ ची तूट. पण त्याच चौदापैकी पाच जणांनी महिनाभरात जाहिरातीशिवाय परत मागवलं तर ४५० येतात आणि तूट भरून निघते. म्हणून परत मागवणाऱ्यांची संख्या माहीत नसेल तर जाहिरात फायद्यात आहे की तोट्यात, हे सांगताच येत नाही. चालू जाहिरातीत रोज बोटं घालू नका. प्रत्येक मोठ्या बदलानंतर ती कुणाला दाखवायची हे मेटाची यंत्रणा पुन्हा पहिल्यापासून शिकते. सात दिवस थांबा, मग बदला.

अहिराणीत विनोद, गाणी किंवा स्वयंपाक दाखवणाऱ्या मुलामुलींकडून जाहिरात करून घेणं खान्देशात चांगलं चालतं. निवडताना फॉलोअरपेक्षा कमेंटी वाचा: कोणत्या गावची माणसं बोलतायत, ती विकत घेणारी आहेत का. ठरलेलं लिहून घ्या: किती रील, किती दिवस खात्यावर राहणार, तीच रील आपण जाहिरातीत वापरू शकतो का, पैसे केव्हा. आणि पैसे किंवा फुकट माल दिला असेल तर रीलवर तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेचे याबाबतचे नियम २०२१ पासून आहेत, २०२३ मध्ये केंद्र सरकारनंही मार्गदर्शिका काढली, आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘सशुल्क भागीदारी’चं लेबल इन्स्टाग्राममध्येच आहे, ते लावायला सांगा.

सातवी पायरी: वहीतले आकडे

ॲपमध्ये तीसेक आकडे दिसतात. दर रविवारी वहीत पाचच लिहा: नवे मेसेज, त्यांतून झालेल्या ऑर्डरी, परत आलेली गिऱ्हाइकं, तक्रारी, आणि ‘कुठून कळलं?’ या प्रश्नाची उत्तरं. हा प्रश्न प्रत्येक नव्या ऑर्डरीला विचारा. तीन महिन्यांनी दिसेल की मेसेज भरपूर पण ऑर्डरी कमी असतील तर भाव किंवा कुरिअरचा खर्च आडवा येतोय; ऑर्डरी होतात पण परत कुणी येत नसेल तर मालात किंवा पॅकिंगमध्ये खोट आहे, आणि ती रील बदलून जाणार नाही. रीलमध्ये पाहायचंच असेल तर लाइकऐवजी सेव्ह आणि शेअर पाहा. सुरतच्या सुनेनं धुळ्याच्या नणंदेला रील पाठवली की त्या दोघींपैकी एक तरी विचारतेच.

शेवटचं काम दहा मिनिटांचं आहे, आजच करा. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक तिन्हीवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. फेसबुक पेजला घरातला दुसरा ॲडमिन जोडा. पेज बनवून देणाऱ्या मुलाच्या एकट्याच्या खात्यावर ते राहू देऊ नका. ‘तुमचं पेज बंद होणार आहे, इथं क्लिक करा’ असा मेसेज आला तर लिंक उघडू नका, कुणालाही ओटीपी सांगू नका. आणि गिऱ्हाइकांचे नंबर, पत्ते, कुणी काय नेलं ते महिन्यातून एकदा वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवून घ्या. फोन हरवला किंवा खातं गेलं, तर त्या वहीवरून दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावता येतात.